आघाताची उभी रेघ : इटालियन क्रियापदांच्या पुस्तिकेच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, तोरीनो

आजपासून रीतसर नोंदी ठेवायच्या ठरवल्या. महिनाभर सुट्या कागदांवर आणि पाकिटांच्या पाठीवर काम चाललं होतं. आता ते एका वहीत येईल.

निमित्त सांगते. इथल्या पॉलितेक्निकोत शिकायला आलेला साताऱ्याचा एक मुलगा डिसेंबरात माझ्याबरोबर एका कचेरीत आला होता, राहण्याच्या परवान्याच्या कागदांसाठी. खिडकीमागच्या बाईंनी काय काय आणायचं ते सांगितलं. त्याने मान हलवत म्हटलं, "का॑पितो, का॑पितो." त्याला म्हणायचं होतं 'समजलं'. ते आहे कापी॑तो. जोर पहिल्यावर गेला की अर्थ होतो 'मी सहज येऊन टपकतो'. बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्या आवाजात. तो पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्या वेळेला मी मध्ये बोलले. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "ताई, शब्द तर बरोबर होता ना?" शब्द बरोबर होता. एकही अक्षर चुकलं नव्हतं. आणि हाच शब्द शेवटी जोर देऊन कापितो॑ म्हटला, तर 'ते घडलं' असा तिसराच अर्थ निघतो.

त्या रात्री ठरवलं : नेहमी लागणारी दोनशे क्रियापदं, त्यांचा वर्तमानकाळ, देवनागरीत, प्रत्येक रूपात आघात कुठे ते दाखवून. इटलीत नव्याने येणाऱ्या मराठी मुलांच्या खिशात मावेल एवढी पुस्तिका.

(अक्षराच्या डोक्यावरची उभी रेघ म्हणजे तिथे आघात. ही खूण ठरली १९ तारखेला; आधीच्या नोंदींत ती मागाहून घातली आहे.)

१५ जानेवारी

सुरुवात पार्ला॑रे, म्हणजे बोलणे, यापासून. 'मी'पासून 'ते'पर्यंत सहा रूपं ओळीने : पा॑र्लो, पा॑र्ली, पा॑र्ला, पार्ल्या॑मो, पार्ला॑ते, पा॑र्लानो.

मी, तू, तो आणि ते या चार रूपांत आघात धातूवर आहे. आम्ही आणि तुम्ही या दोघांत तो पुढे सरकून प्रत्ययावर बसतो. शेवटचं रूप सगळ्यांना चकवतं. प्रत्यय लांबला म्हणजे जोरही पुढे गेला असणार असं वाटून नवखा माणूस हमखास 'पार्ला॑नो' म्हणतो. ऐकणाऱ्याला कळतं, पण क्षणभर थांबून.

लिहिलेल्यात यातलं काही दिसत नाही, ही खरी अडचण. दोन किंवा जास्त सिलॅबलच्या (बोलताना पडणाऱ्या तुकड्यांच्या) इटालियन शब्दात आघाताची खूण सक्तीची आहे ती फक्त शेवटच्या स्वरावर आघात असेल तेव्हा : पार्लो॑ (तो बोलला), पार्लेरा॑ (तो बोलेल). बाकी सगळं वाचणाऱ्यावर सोडलेलं. का॑पितानो म्हणजे 'घडतात', कापिता॑नो म्हणजे कप्तान, कापितानो॑ म्हणजे 'त्याने नेतृत्व केलं'. यातल्या तिसऱ्याला तेवढी खूण मिळते. पहिले दोन कागदावर अगदी एकसारखे.

व्याकरणातली नावं मला फार आवडली. शेवटी आघात असलेला शब्द 'त्रोंका', छाटलेला. शेवटून दुसऱ्यावर असेल तर 'प्याना', सपाट. तिसऱ्यावर असेल तर 'ज़्द्रु॑च्चोला', घसरता. चौथ्यावर असेल तर 'बिज़्द्रु॑च्चोला', दुप्पट घसरता. 'ज़्द्रु॑च्चोला' हा शब्द स्वतःच घसरता आहे : जोर पहिल्यावर पडतो आणि पुढचे दोन सिलॅबल उतारावरून गेल्यासारखे जातात. पा॑र्लानो त्यातलाच. मुलांना नियमापेक्षा हे नाव लवकर लक्षात राहील.

१९ जानेवारी

खुणेचा प्रश्न. आधी आघाताचं अक्षर ठळक केलं होतं. पडद्यावर बरं दिसलं, पण स्वस्त छपाईत ठळक आणि साधं यात फरक उरला नाही. अधोरेखित केलं, तर रेघ उकाराला आणि पायमोडक्या खुणांना जाऊन भिडली. काळ्या शाईत लाल अक्षर दोनदा छापून पाहिलं, ते खर्चात बसेना.

मग वेदाच्या पोथीतली उभी रेघ आठवली. आजोबांकडे स्वरांकित ऋग्वेद होता; अक्षरांवर उभ्या आणि खाली आडव्या रेघांची रांगोळी असायची. ती खूण देवनागरीच्या संगणकी संचात आहे, त्यामुळे वेगळा फाँट लागत नाही. ऋग्वेदात ही उभी रेघ स्वरिताची, खालची आडवी अनुदात्ताची, आणि उदात्ताला खूणच नसते. शिवाय तो स्वर चढ-उताराचा, इटालियन आघात मुख्यतः लांबीचा आणि जोराचा. म्हणून पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिणार आहे की चिन्ह तेवढं उसनं घेतलं आहे, अर्थ वेगळा आहे.

२५ जानेवारी

आज दिवसभर एकच चूक शोधत होते.

रूपं आपोआप तोडून द्यावीत म्हणून पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. त्याला देवनागरी रूप दिलं आणि अक्षरांवर तोड म्हटलं. त्याने 'पार्लानो' तोडलं ते असं : पा, र्ला, नो. लिपीच्या हिशेबाने बरोबर. तोंडात मात्र हा शब्द पार्, ला, नो असा आहे. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो, पण त्याचा आवाज मागच्या सिलॅबलचा शेवट असतो. जोडाक्षर आलं की दरवेळी असं : मे॑त्तेरे (ठेवणे) हे लिहिताना मे-त्ते-रे, बोलताना मेत्-ते-रे.

फरक नुसता तोडण्याचा असता तर सोडून दिला असता. पण आघाताचा सिलॅबल उघडा आहे की बंद, यावर स्वराची लांबी ठरते. शब्दाच्या शेवटचा सोडून इतर कुठे आघात असेल आणि सिलॅबल स्वरावर संपत असेल, तर स्वर लांबतो : आ॑मो (मी प्रेम करतो) यातला आ ऐसपैस आहे. व्यंजनाने बंद झाला तर स्वर आखूड : पा॑र्लो मधला आ चटकन मिटतो. माझा प्रोग्रॅम 'पा' उघडा समजून त्याच्यापुढे लांब स्वराची खूण टाकत होता. बाराशे रूपांतली निम्मी तरी अशी बिघडली असतील.

याचं औषध शाळेतच मिळालेलं होतं. वृत्तं शिकताना 'भक्ती'तला 'भ' ह्रस्व असून गुरु का, तर पुढच्या जोडाक्षराचा भार मागे येतो म्हणून. तोच भार इथे आहे. अक्षरांच्या सीमा लिपीने आखलेल्या, लघु-गुरु कानाने मोजलेले. मराठी मुलाला दोन्ही ठाऊक असतं, त्याला फक्त सांगावं लागतं की इटालियनला दुसरं माप लाव.

प्रोग्रॅम उलटा फिरवला. आता आधी रोमन लिपीतलं रूप तोडायचं आणि मग एकेक तुकडा देवनागरीत आणायचा. तोडण्याचे नियम तयार मिळाले, आणि तेही याच गावातले : टेक या मजकूर जुळवण्याच्या प्रणालीसाठी इटालियन शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडावेत याचे नियम तोरीनोच्या पॉलितेक्निकोतले प्राध्यापक क्लाउदिओ बेक्कारी यांनी लिहिले आहेत.

२६ जानेवारी

खालच्या मजल्यावरच्या सिन्योरांना कालचे तुकडे दाखवले. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वर्गात मुलांकडून सिलॅबल टाळ्या वाजवून घ्यायच्या. चष्मा लावून त्यांनी यादी वाचली आणि प्रत्येक शब्दाला टेबलावर दोन बोटांनी ठेका धरला. पार्, ला, रे. कोम्, प्रा, रे (विकत घेणे). मग बा॑स्ता या शब्दावर त्यांची बोटं थांबली. 'बास्तारे' म्हणजे पुरणे, त्याचं हे 'पुरे' असं रूप. मी तोडलं होतं बास्-ता. त्या ठामपणे म्हणाल्या, बा-स्ता. स नंतर व्यंजन आलं की दोघं जोडीने पुढच्यात जातात, शाळेचा नियम आहे, बेक्कारींच्या नियमांतही तसंच आहे.

मग मी त्यांना 'बास्ता' नुसतं म्हणायला सांगितलं, तोडायला नाही. आ आखूडच आला. खरंच बा-स्ता असतं, तर आ लांबला असता. स आवाजात मागच्यालाच चिकटलेला आहे. भाषाशास्त्रज्ञांत याची चर्चा जुनी आहे, आणि उपपदाचा पुरावाही त्याच बाजूने देतात : पुल्लिंगी नामाआधी साधारणपणे 'इल' येतं, पण स अधिक व्यंजनाने सुरू होणाऱ्या नामाआधी 'लो' येतं, जसं लो स्तुदे॑न्ते. 'लो'चा ओ त्या स ला आधार देतो.

पुस्तिकेत ओळ तोडायला शाळेचा नियम, स्वराची लांबी दाखवायला कानाचा. सिन्योरांना हे पटलं. त्यांनी स्वतः पुन्हा दोनदा 'बास्ता' म्हणून पाहिलं.

२ फेब्रुवारी

ज़ेता (z) या अक्षराचे दोन उच्चार मराठी माणसाला आयते मिळालेले आहेत. रिंग्रात्स्या॑रे (आभार मानणे) मधला आवाज 'चमचा'तल्या च चा. प्रान्ज़ा॑रे (दुपारचं जेवण करणे) मधला 'जावई'तल्या ज चा. हिंदीभाषक मित्रांना यासाठी झगडावं लागतं. एवढं लिहून पुढे.

९ फेब्रुवारी

आबिता॑रे म्हणजे राहणे आणि लावोरा॑रे म्हणजे काम करणे. दोन्ही चार सिलॅबलची, दोन्ही एकाच आरे-गणातली (मूळ रूप 'आरे'ने संपणारी), दोन्ही रोज लागणारी. पण 'मी राहतो' हे आ॑बितो, आणि 'मी काम करतो' हे लावो॑रो. अनेकवचनात आ॑बितानो आणि लावो॑रानो. एकीकडे आघात शेवटून चौथ्यावर, दुसरीकडे तिसऱ्यावर. इटालियनकडे पाहून हे ओळखायची कुठलीही युक्ती नाही; इतके दिवस मीही पाठच केलं होतं.

लॅटिनकडे वळल्यावर मात्र दार उघडलं. लॅटिनचा नियम लघु-गुरुचा आहे, आपल्या वृत्तांसारखाच : तीन किंवा अधिक सिलॅबलच्या शब्दात शेवटून दुसरा गुरु असेल तर आघात त्याच्यावर, लघु असेल तर एक पाऊल मागे. 'हाबितो'मधला 'बि' ह्रस्व आणि उघडा, म्हणजे लघु, आघात 'हा'वर. 'लाबोरो'मधला 'बो' दीर्घ, म्हणजे गुरु, आघात तिथेच. ह गळाला, ब चा व झाला, स्वरांच्या लांबीचा सगळा जुना हिशेब बुडाला, पण आघात बसला होता तिथून हलला नाही.

आ॑बितानो इतका लांब का घसरतो तेही सुटलं. लॅटिन 'हा॑बितांत' तीनच सिलॅबलचा होता. पुढे शेवटचा त गळाला आणि शब्दाच्या टोकाला एक ओ लागला. शब्द एका सिलॅबलने वाढला, आघात आपल्या जागी, म्हणून तो चौथ्यावर गेल्यासारखा दिसतो. शेपूट मागाहून वाढलं आहे.

याच नियमाने देज़ि॑देरो (मला हवंय), इम्मा॑जिनो (मी कल्पना करतो) हेही बसतात. प्रेपा॑रो (मी तयार करतो) बसत नाही; लॅटिन नियमाने त्याचा आघात पहिल्यावर हवा होता. म्हणून पुस्तिकेत नियम छापायचा नाही असं ठरवलं. घसरत्या क्रियापदांची वेगळी यादी, तिरकस ठशात, आणि ती पाठ. नियम ज्याला हवा त्याच्यासाठी शेवटच्या पानावर एक परिच्छेद.

१६ फेब्रुवारी

एरे-गण. इथेही लिहिताना एक, बोलताना दोन. वेदे॑रे (पाहणे), तेमे॑रे (भिणे), आवे॑रे (असणे, जवळ असणे) यांत आघात प्रत्ययावर. ले॑ज्जेरे (वाचणे), स्क्री॑वेरे (लिहिणे), प्रे॑न्देरे (घेणे) यांत धातूवर. लॅटिनमध्ये हे दोन स्वतंत्र गण होते, एकाचा ए दीर्घ, दुसऱ्याचा ह्रस्व. त्या एका मात्रेचा फरक आघातात उरला. काही क्रियापदांनी मधल्या काळात घर बदललं : सापे॑रे (माहीत असणे) आणि कादे॑रे (पडणे) ह्रस्व गणातून दुसरीकडे आली, री॑देरे (हसणे) आणि रिस्पो॑न्देरे (उत्तर देणे) उलट्या दिशेने गेली.

वर्तमानकाळात मात्र दोघांची रूपं एकाच साच्यातली, तेव्हा पुस्तिकेच्या दृष्टीने फक्त मूळ रूपावर रेघ देऊन काम भागतं. लवकर उरकलं.

२३ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार. या कामात मला जे सांगायचं आहे ते आज हाती आलं असं वाटतं.

'अनियमित' क्रियापदांचा गठ्ठा शेवटी ठेवला होता. सेदे॑रे म्हणजे बसणे : स्ये॑दो, स्ये॑दी, स्ये॑दे, सेद्या॑मो, सेदे॑ते, स्ये॑दोनो. मोरी॑रे म्हणजे मरणे : म्वो॑यो, म्वो॑री, म्वो॑रे, मोर्या॑मो, मोरी॑ते, म्वो॑योनो. उश्शी॑रे म्हणजे बाहेर जाणे : ए॑स्को, ए॑श्शी, ए॑श्शे, उश्शा॑मो, उश्शी॑ते, ए॑स्कोनो. आन्दा॑रे म्हणजे जाणे : वा॑दो, वा॑ई, वा॑, आन्द्या॑मो, आन्दा॑ते, वा॑न्नो.

ही चारही मी वेगवेगळी पाठ केली होती, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या शिक्षकांकडे. आज रेघा घालून एकाखाली एक ठेवली आणि सगळ्यांचा घाट एकच निघाला. बदल होतो तो त्याच चार रूपांत, जिथे आघात धातूवर आहे. आघात प्रत्ययावर गेला की धातू आपल्या साध्या रूपात परततो. अनियमितपणा आघाताच्या मागोमाग चालतो.

कारणही सिलॅबलमध्येच आहे. तोस्कानाच्या बोलीत लॅटिनच्या ह्रस्व ए आणि ओ वर आघात आला आणि सिलॅबल उघडा असला, की ते फुलून ये आणि वो झाले. 'मो-रे' उघडा, म्हणून म्वो॑रे. दोर्मी॑रे (झोपणे) यातला ओ लॅटिनमध्ये तसाच ह्रस्व, पण 'दोर्-मे' बंद आहे, म्हणून तो दो॑र्मे असाच राहिला. मरणं आणि झोपणं यांत फरक पडला तो एका र ने दार लावलं म्हणून. २५ जानेवारीला जो रफार चुकीच्या डोक्यावर बसला होता, त्याच्यावर एवढं सगळं अवलंबून होतं.

आणि मग काप्पी... नव्हे, कापी॑रे, त्या मुलाचं क्रियापद : कापी॑स्को, कापी॑श्शी, कापी॑श्शे, काप्या॑मो, कापी॑ते, कापी॑स्कोनो. हा मधला 'इस्क' कुठून येतो, असं प्रत्येक विद्यार्थी विचारतो. लॅटिनमध्ये तो क्रिया सुरू होण्याचा अर्थ द्यायचा. इटालियनमध्ये तो अर्थ गेला. उरलं ते त्याचं स्थान : नेमकी तीच चार रूपं. तो आघात स्वतःवर घेतो, त्यामुळे 'काप' वर आघात कधीच येत नाही आणि धातू सहाही रूपांत जसाच्या तसा राहतो. धातूसमोर धरलेली ढालच ती.

भूतकाळातही हेच चालतं. स्क्री॑स्सी (मी लिहिलं) यात धातू बदललेला, आघात त्याच्यावर. स्क्रिवे॑स्ती (तू लिहिलंस) यात आघात पुढे, धातू जुना.

मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, पण शब्द वाढला की मागचं अंग आकसतं हे आपण रोज करतो : मूल, मुलाला, वीट, विटेला, फूल, फुलाला. कुणी त्याला अनियमित म्हणत नाही. संस्कृतात तर आणखी जवळचं आहे : एमि (मी जातो) मध्ये वेदातला स्वर धातूवर आणि धातू भारदस्त, इमः (आम्ही जातो) मध्ये स्वर प्रत्ययावर आणि धातू नुसता 'इ'. दोन्हींची कारणं निराळी आणि काळ निराळा, त्यामुळे नातं जोडत नाही. पण 'एमि, इमः' ज्याला ठाऊक आहे त्याला 'स्ये॑दो, सेद्या॑मो' परकं वाटायचं कारण नाही.

पुस्तिकेची रचना बदलते. 'नियमित' आणि 'अनियमित' असे दोन भाग काढून टाकले. आता प्रत्येक क्रियापदाची चार रूपं डावीकडे, दोन उजवीकडे. डावीकडे धातू आघाताखाली, उजवीकडे मोकळा. एवढी मांडणी डोळ्यांत बसली की उश्शी॑रे आणि आन्दा॑रे पाठ करायला निम्मा वेळ लागेल.

४ मार्च

इन्वी॑ओ (मी पाठवतो), स्तू॑द्यो (मी शिकतो). 'तू'च्या रूपात पहिल्याचे दोन इ लिहायचे, इन्वी॑ई. दुसऱ्याचा एकच, स्तू॑दी. इ वर आघात असेल तर तो स्वतःची जागा राखतो, नसेल तर पुढच्या इ मध्ये विरून जातो. लेखनाचा नियम म्हणून हे शिकवतात तेव्हा घोळ होतो. ऐकून शिकलं की घोळ राहत नाही.

९ मार्च

भविष्यकाळ पुस्तिकेत नाही, पण एक जोडी तरी घ्यायचीच : पार्लेरे॑मो म्हणजे आम्ही बोलू, पार्लेरे॑म्मो म्हणजे आम्ही बोललो असतो. फरक एका म चा. म दुहेरी झाला की आधीचा सिलॅबल बंद होतो, ए आखूड होतो, ओठ क्षणभर मिटून राहतात.

इंग्रजीतून इटालियन शिकलेल्या माझ्या मित्रमंडळींना हे ऐकूच येत नाही. आपल्याला येतं. 'पका' आणि 'पक्का' आपण लहानपणापासून वेगळे ऐकत आलो आहोत. पुस्तिकेत म्हणून एकच ओळ : जोडाक्षर दिसलं तर मराठीत म्हणाल तसं पूर्ण म्हणा, घाई करू नका. आपली मुलं इथेच का चुकतात याचं कारण रोमन लिपी. इंग्रजीमुळे दोन सारखी अक्षरं पाहून एकच वाचायची सवय लागलेली असते. 'म्मो' देवनागरीत लिहिलं की जीभ आपोआप नीट वागते.

१६ मार्च

सर्वनामं क्रियापदाला चिकटली तरी आघात हलत नाही. तेले॑फोना (फोन कर), तेले॑फोनामी (मला फोन कर). दा॑म्मेलो (ते मला दे). फा॑ब्ब्रिकामेलो (ते मला बनवून दे) मध्ये आघातानंतर चार सिलॅबल लोंबतात : फाब्, ब्रि, का, मे, लो. सिन्योरांना हा शब्द म्हणायला सांगितला. पहिल्यावर बोट ठाम आपटलं, पुढचे चार एका श्वासात. फोनवर ध्वनिमुद्रण केलं. मुलांना हेच ऐकवायचं.

'दाम्मेलो'मधला दुहेरी म शब्दाच्या पोटातला आहे, तो इथेही सगळे म्हणतात. पण दोन शब्दांच्या सांध्यावरचं द्वित्त प्रांताप्रमाणे बदलतं. कामावरचे एक सहकारी रोमचे आहेत. ते 'वादो आ क्का॑सा' (मी घरी जातो) म्हणतात, क स्पष्ट दुहेरी. सिन्योरा म्हणतात 'आ का॑ज़ा', क एकेरी आणि स चा ज़. प्रमाण उच्चारात द्वित्त आहे, उत्तरेत ते करत नाहीत. मुलं तोरीनोत राहणार आहेत. द्वित्त कंसात दिलं.

२३ मार्च

वालूता॑रे (मूल्यमापन करणे). कोशात वालू॑तो. आजूबाजूला निम्मे लोक वा॑लुतो म्हणतात, शिकलेलेसुद्धा. सल्ल्यासाठी 'राई' या इटलीच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा १९६९ चा उच्चारकोश पाहिला, मिल्योरीनी, ताल्यावीनी आणि फ्योरेल्ली यांनी रेडिओ-दूरदर्शनवर बोलणाऱ्यांसाठी केलेला. आघाताच्या बाबतीत माझा भरवसा त्याच्यावर. रेघ 'लू'वरच दिली, आणि खाली टीप : दुसरं ऐकू आलं तर दचकू नका, पण तुम्ही हे म्हणा. परक्या माणसाच्या तोंडी सैल रूप चूक म्हणून मोजलं जातं, इथल्याच्या तोंडी सवय म्हणून. हे न्याय्य नाही, पण मुलांना मुलाखतीला जायचं आहे.

३० मार्च

दोनशेपैकी १८७ झाली. उरलेली तेरा काढून टाकते. कुणालाही रोज लागत नाहीत. शेवटचं मुद्रितशोधन दोन रात्री. 'पे॑र्दोनो' (ते हरवतात) आणि 'पेर्दो॑नो' (मी क्षमा करतो) यांच्या रेघा एकमेकींच्या जागी पडल्या होत्या, वेळेत सापडल्या.

६ एप्रिल

पहिल्या वीस प्रती कोपऱ्यावरच्या दुकानात छापून, मध्ये पिन मारून घेतल्या. साताऱ्याचा मुलगा चहाला आला होता. सिन्योराही वर आल्या, त्यांनी सफरचंदाचा केक आणला होता. त्याच्या हातात प्रत दिली, त्याने आधी कापी॑रेचं पान काढलं आणि ते बराच वेळ पाहत राहिला.

सिन्योरांनी त्याला विचारलं, आईवडील कुठे असतात? तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "आ॑बितानो आ सातारा." आ वर आघात, आ लांब, पुढचे तीन सिलॅबल हलके. मी काही बोलले नाही. सिन्योरांच्याही काही लक्षात आलं नाही, कारण लक्षात येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या सरळ पुढच्या गोष्टीवर गेल्या.

"साता॑रा?" त्या म्हणाल्या. मग बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली. "की सा॑तारा? जोर कुठे देता तुम्ही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं नाही. इतके महिने रेघा ओढत होते आणि आपल्या गावांच्या नावांकडे त्या नजरेने एकदाही पाहिलं नव्हतं. तो 'सातारा' म्हणाला, सिन्योरांनी ठेका धरला, तीन सारखे ठोके पडले. त्या म्हणाल्या, पुन्हा. तो पुन्हा म्हणाला, या वेळी घरी फोनवर म्हणतो तसं, भरभर. आम्ही तिघंही कान देऊन ऐकत होतो.